अर्धी मात्रा

मी आयुष्यभर चर्चमधले गायकवृंद टेपवर घेतले.
कुणी खोकलं की थांबवायचं, पुन्हा म्हणायला लावायचं,
एवढंच माझं शास्त्र.

उद्देवालातला जहाजांचा कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली होती
तेव्हा ही पोरं आली, पाच जण,
नोव्हेंबरात, साडेतीनलाच दाटलेल्या अंधारातून,
डेमोसाठी तळघर मागायला.
"डेथ मेटल," पोंतुस म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून,
"पण सुरेल."
सहाला लोकनृत्यवाली मंडळी येणार होती.
म्हणजे अडीच तास, चार गाणी
आणि माझे चार माइक.

गिटारींच्या तारा इतक्या ढिल्या सोडलेल्या
की त्यांवर मोजे वाळत घालावेत.
स्टेलानने पेडलवर पाय दिला
आणि भिंतीवरचा कमिटीचा फोटो तिरका झाला.
करवत. ओलं लाकूड. मधेच गाठ लागल्याची किंकाळी.
माझ्या यंत्राची सुई लाल रेघेत जाऊन बसली,
माहेरी आल्यासारखी, परतायचं नाव घेईना.

मग त्या कल्लोळावर
दोन गिटारींनी एक ओळ धरली,
एक खाली, दुसरी तिच्या दोन पायऱ्या वर,
एका होडीतल्या दोन भावांसारख्या,
वल्ही वेगळी, पाणी तेच.
मी कान टवकारले. ही चाल मला ठाऊक होती,
म्हणजे ही नव्हे, हिची एखादी चुलती,
माझ्या लहानपणी नवरीपुढे फिडलवर चालणारी.
तीच, फक्त घाईत,
आणि कोपरापर्यंत ग्रीस माखलेली.

बास वाजवणारा लेओ मला ऐकूच आला नाही.
एकदा घाम पुसायला त्याने हात उचलला,
तेव्हा पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं झालं.

तूर्द गाणारा. मासळीच्या दुकानात कामाला,
"जरा मागे सरकू का?" असं विचारून सरकणारा.
त्याने तोंड उघडलं
आणि खर्जाच्याही खालच्या मजल्यावर
कुणीतरी जड कपाट ओढत नेलं.
शब्द कळेनात. मी त्याच्याकडे कागद मागितला,
आवरणावर छापायला म्हणून.
तिसऱ्या गाण्यात, पेन्सिलने:
*क्रेन पाडली त्या दिवशी वेल्डरने डबा उघडला नाही,
तसाच घरी आणला.*
तूर्दचा बाप शिक्षक. वेल्डरचा मुलगा ढोलांमागे.

यार्मो. दोन पायांचे ठोके इतके लागून
की ठोके राहतच नाहीत, थरथर होते नुसती,
यंत्र चालू ठेवून बोट धक्क्याला उभी असावी तशी.
तिसऱ्या गाण्यात, त्याच ओळीवर,
तो अर्धी मात्रा मागे राहिला.

अर्धी. तुम्ही म्हणाल, एवढी कोण मोजतं?
मी मोजतो.
बाकी चौघं थांबली, हवेत, हात वर असतानाच,
कुणी कुणाकडे पाहिलं नाही,
आणि सगळी मिळून खाली उतरली,
त्याच्यासकट.

वर जिन्यात बायका बुटांवरचं बर्फ आपटत होत्या.
"पुन्हा घेऊ," पोंतुस म्हणाला.
"टेप उरलेली नाही," मी म्हणालो.
उरली होती. चांगली अकरा मिनिटं.
थर्मासातलं ब्लूबेरीचं सूप
तूर्द घशाखाली घोट घोट सोडत होता,
ओठ जांभळे, आवाज पुन्हा मासळीवाल्याचा.
गुनहिल्ड जिना उतरून आली, म्हणाली,
"आत्ता वाजली ती चाल कुणाची? पाय धरत होती."
कुणी काही बोललं नाही. स्टेलान लाजला.

साठ कॅसेटी निघाल्या. माझी चौदावी,
आकडा यार्मोच्या हातचा.
आता टेप थोडी ताणली आहे, खरखर वाढली आहे,
चाल अर्धा सूर उतरून येते.
तिसरं गाणं लागलं की मी भांडी घासायची थांबवतो.
दर वेळी वाटतं,
या खेपेला तो गाठेल.